चंद्रशेखर भावे : शेअरच्या कागदापासून सेबीच्या अध्यक्षपदापर्यंत

जुना_फोलिओ (धागालेखक)

मागच्या महिन्यात वडिलांची लोखंडी ट्रंक आवरायला काढली. तळाशी खाकी लखोटा निघाला. आत पन्नास शेअरचं एक सर्टिफिकेट, त्याला टाचलेलं ट्रान्सफर डीड (शेअर दुसऱ्याच्या नावावर करायचा फॉर्म), डीडच्या पाठीवर ओळीने चिकटवलेले शेअर ट्रान्सफरचे स्टॅम्प, आणि कंपनीचं छापील पत्र. विकणाऱ्याची सही आमच्या नोंदीतल्या सहीशी जुळत नाही, सबब कागदपत्रं परत पाठवत आहोत, एवढाच मजकूर. साल १९९४. टाचणी गंजून तिन्ही कागदांना आरपार तांबडा डाग पडलाय. दलालाला पैसे दिले होते, शेअर घरात होते, पण कंपनीच्या वहीत वडिलांचं नाव कधी चढलंच नाही.

तो लखोटा हातात घेऊन बसलो आणि मनात आलं की माझ्या मुलीला यातला प्रत्येक शब्द समजावून सांगावा लागेल. ती मोबाइलवर शेअर घेते, दुसऱ्या दिवशी ते खात्यात दिसतात. मधल्या तीस वर्षांत हे कुणीतरी घडवून आणलं. त्या माणसांपैकी एकाबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हा धागा.

चंद्रशेखर भास्कर भावे. १९७५ च्या तुकडीचे आयएएस. राज्यात आणि दिल्लीत सनदी नोकरी केली आणि १९९२ साली सेबीत, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या नियामक संस्थेत, वरिष्ठ कार्यकारी संचालक म्हणून आले. सेबी तेव्हा काय होती हे लक्षात घ्या. १९८८ मध्ये सरकारी ठरावाने जन्माला आलेली, कायद्याचं बळ नसलेली संस्था. ३० जानेवारी १९९२ ला अध्यादेश निघाला तेव्हा कुठे तिच्या हाती अधिकार आले, आणि एप्रिलमध्ये हर्षद मेहता प्रकरण बाहेर आलं. म्हणजे बसायला जागा मिळते न मिळते तोच घराला आग. त्याच वर्षी भांडवल नियंत्रकाचं कार्यालय बंद झालं. त्याआधी कंपनीने आपला शेअर जनतेला किती प्रीमियमने विकायचा हे दिल्लीतलं एक सरकारी कार्यालय ठरवायचं! आता ते कंपनीने ठरवायचं, पण खरी माहिती छापायची, आणि ती खरी आहे की नाही हे सेबीने बघायचं. दलालांचा तर नोंदणीलाच विरोध होता. जी. व्ही. रामकृष्ण अध्यक्ष होते, कडक माणूस. नियम अक्षरशः कोऱ्या कागदावरून लिहिले जात होते. भावे त्या चार वर्षांत तिथे होते.

आणि मग १९९६ मध्ये त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात मोठं वाटतं. आयएएसमधून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि एनएसडीएल ही डिपॉझिटरी, म्हणजे शेअर कागदाऐवजी संगणकावरच्या खात्यात ठेवणारी संस्था, उभी करायला गेले. डिपॉझिटरी कायदा नुकताच झाला होता. आयडीबीआय, यूटीआय आणि राष्ट्रीय शेअर बाजार यांनी मिळून ही कंपनी काढली होती आणि ८ नोव्हेंबर १९९६ ला तिचं काम सुरू झालं. वीस-एकवीस वर्षं नोकरी झालेला सनदी अधिकारी, पुढे सचिवपदाची वाट मोकळी, आणि तो नियम लिहिणं सोडून यंत्र बांधायला जातो. बारा वर्षं तिथेच राहिले. फेब्रुवारी २००८ मध्ये सेबीत परतले ते अध्यक्ष म्हणून, एम. दामोदरन यांच्यानंतर. फेब्रुवारी २०११ मध्ये तीन वर्षांची मुदत संपली आणि ते गेले.

त्या तीन वर्षांवर लिहिण्यासारखं भरपूर आहे, पण पोस्ट लांबली. इथे कुणी त्या काळात बाजारात काम केलेलं असेल तर लिहा.

---

तळमजला_९३

मी होतो. फोर्टात एका दलालाच्या ऑफिसात डिलिव्हरीच्या टेबलावर. १९९३ ते २०००.

तुमच्या लखोट्यात आहे त्याला आम्ही बॅड डिलिव्हरी म्हणायचो. सौदा होऊन दहा-बारा दिवसांनी कागद यायचे ते पोत्यांतून. प्रत्येक सर्टिफिकेटला एक डीड. माझं काम डीड तपासायचं. सही आहे का, साक्षीदार आहे का, त्याचा पत्ता आहे का, कंपनी निबंधकाच्या शिक्क्याची तारीख उलटून गेलीय का, स्टॅम्प पुरेसे आहेत का, सर्टिफिकेटवरचे आकडे आणि डीडवरचे आकडे एक आहेत का. एका अंकात खाडाखोड दिसली की बाजूला. दिवसाला तीन-चारशे कागद. बोटांना डिंकाचा वास कायम असायचा.

सहीचा प्रश्न सगळ्यात वाईट. माणसाने तरुणपणी शेअर घेतलेले, विकतो साठाव्या वर्षी. हात थरथरतो. सही जुळणार कशी? कंपनी परत पाठवणार. मग तो कागद आमच्याकडून ज्या दलालाने दिला त्याच्याकडे, त्याच्याकडून त्याच्या गिऱ्हाइकाकडे, आणि ते गिऱ्हाईक तोवर बदली होऊन दुसऱ्या गावी गेलेलं. मधल्या काळात बोनस जाहीर झाला तर तो वहीत ज्याचं नाव त्याला मिळायचा. घेणारा हात चोळत बसायचा. पोस्टात गहाळ झालेले, चोरीचे आणि चक्क छापखान्यातून काढलेले खोटे शेअर, तेही पाहिलेत.

डीमॅट, म्हणजे कागदाऐवजी खात्यातले शेअर, आलं तेव्हा पहिली दोन वर्षं कुणी विचारत नव्हतं. कारण साधं होतं. कागद घेणारा असेल तर कागद विकतील, डीमॅटमध्ये घेणारा नाही म्हणून विकणारा नाही. सेबीने सक्ती केली ती टप्प्याटप्प्याने, १९९८ मध्ये आधी मोठ्या संस्थांना मोजक्या शेअरपुरती, मग १९९९ पासून सगळ्यांना, दर वेळी यादीत काही कंपन्या वाढवत. त्याशिवाय दोन गोष्टींनी काम सोपं झालं. डीमॅटमधल्या हस्तांतराला मुद्रांक शुल्क नव्हतं, कागदावर शंभराला पन्नास पैसे लागायचे. आणि एनएसडीएल स्वतः लोकांच्या दारात आली नाही, बँका आणि दलाल यांनाच तिने आपली खिडकी केलं. त्यामुळे तालुक्याच्या गावातही खातं उघडता यायला लागलं.

आमच्या टेबलावर सहा जण होतो. २००० मध्ये दोन उरले, त्यांत मी नव्हतो. तरीही सांगतो, ते काम संपलं ते बरं झालं. साक्षीदाराचा पत्ता लिहायचा राहिला म्हणून एखाद्या बाईचे पैसे सहा महिने अडकलेले मी पाहिलेत. ती दर सोमवारी यायची, आणि दर सोमवारी आम्ही तिला तेच उत्तर द्यायचो.

---

एसआयपी_सल्लागार

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजूही यायला हवी. मी म्युच्युअल फंडांचा वितरक आहे, २००२ पासून.

१ ऑगस्ट २००९. ही तारीख आमच्या व्यवसायात कुणी विसरणार नाही. त्या दिवसापासून एंट्री लोड बंद. तोवर इक्विटी फंडात गुंतवणूक करताना सव्वादोन टक्क्यांपर्यंत लोड असायचा. दहा हजार भरले तर सुमारे २२० रुपये आधीच बाजूला निघायचे आणि त्यातून आमचं कमिशन. भावे साहेबांच्या सेबीने सांगितलं की सल्ल्याचे पैसे गुंतवणूकदाराने वेगळा चेक लिहून द्यावेत, किती द्यायचे ते तुम्ही दोघं ठरवा. तत्त्व म्हणून सुंदर. प्रत्यक्षात वेगळा चेक कोण लिहितो? डॉक्टरला पाचशे देणारा माणूस मला पन्नास द्यायला तयार नव्हता. माझ्या ओळखीतल्या कितीतरी वितरकांनी फंड सोडून विमा विकायला घेतला, कारण तिथे पहिल्याच हप्त्यातून घसघशीत कमिशन मिळत होतं. म्हणजे गुंतवणूकदार स्वस्त वस्तूकडून महाग वस्तूकडे ढकलला गेला. लहान गावांत तर फंड पोचवणारा माणूसच उरला नाही. २०११ मध्ये सेबीलाच दहा हजार आणि त्यापुढच्या गुंतवणुकीवर वितरकाला शंभर रुपये घ्यायची मुभा द्यावी लागली, यातच काय ते आलं.

भावे प्रामाणिक होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मुंबईत बसून निर्णय घेताना खालच्या माणसाचं पोट कसं चालतं हे त्यांनी पुरेसं पाहिलं नाही, असं मला आजही वाटतं.

---

जुना_फोलिओ

तळमजला_९३, तुमची पोस्ट दोनदा वाचली. त्या सोमवारच्या बाई डोक्यातून जात नाहीत.

एसआयपी_सल्लागार, तुमचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. चटका बसला हे खरंच आहे, आणि तो सगळ्यात आधी लहान वितरकाला बसला. पण मला असं वाटतं की सव्वादोन टक्के कापले जातात हे किती जणांना माहीत होतं, हा खरा प्रश्न आहे. माझ्या सासऱ्यांना नव्हतं. त्यांना वाटायचं की फंडाचा माणूस घरी येतो, फॉर्म भरून देतो, चहा घेतो, हे सगळं फुकट आहे. ज्या गोष्टीची किंमत माहीत नाही तिची घासाघीस माणूस करणार कशी? आणि लोक विम्याकडे वळले हा दोष एंट्री लोड काढल्याचा, की विम्यातले खर्च तसेच राहिल्याचा? भाव्यांनी पुढच्याच वर्षी तिकडेही हात घातला, तो का, ते यातूनच कळतं.

---

पॉलिसीधारक

त्या हात घालण्याचा मी साक्षीदार आहे, म्हणजे युलिप (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) घेतलेला.

२००७ मध्ये मला युलिप विकली ती 'तीन वर्षं भरा आणि विसरा' असं सांगून. पहिल्या वर्षी जेवढे भरले त्यातला मोठा भाग शुल्कातच गेला, हे मला स्टेटमेंट आल्यावर समजलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्या वेळी जवळजवळ सगळ्यांचीच तऱ्हा ती होती.

९ एप्रिल २०१०, सेबीचा आदेश. चौदा आयुर्विमा कंपन्यांना सांगितलं की युलिपमधला गुंतवणुकीचा भाग म्युच्युअल फंडासारखाच आहे, आमच्याकडे नोंदणी केल्याशिवाय विकू नका. दुसऱ्या दिवशी विमा नियामकाचा उलटा आदेश, विक्री चालू ठेवा. दोन सरकारी नियामक उघडपणे समोरासमोर. मी रोज पेपर उघडून बघायचो की माझ्या पैशाचा मालक आता कोण. शेवटी १८ जून २०१० ला सरकारने अध्यादेश काढला आणि युलिप विमा नियामकाकडेच ठेवल्या. नियामकांत पुन्हा असा वाद झाला तर तो अर्थमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जाईल असंही ठरवलं.

कागदावर भावे हरले. पण १ सप्टेंबर २०१० पासून विमा नियामकाने युलिपचे नियम बदलले. पाच वर्षांचा लॉक-इन, पॉलिसी मोडल्यावर कापायच्या रकमेला मर्यादा, खर्च सगळ्या वर्षांत विभागायचे. सेबीचा तो आदेश निघाला नसता तर हे इतक्या लवकर झालं असतं का? मला नाही वाटत. मी त्यानंतर घेतलेल्या पॉलिसीचं आणि आधीच्या पॉलिसीचं स्टेटमेंट शेजारी ठेवलं की फरक बोट लावून दाखवता येतो.

---

कायद्याचं_बोला

सगळे कौतुक करताहेत, म्हणून अवघड भाग मी मांडतो. त्याशिवाय ही कारकीर्द पूर्ण होत नाही.

२००३ ते २००५ च्या पब्लिक इश्यूंमध्ये, म्हणजे कंपन्यांनी जनतेला शेअर विकले त्यांत, हजारो बेनामी डीमॅट खाती उघडून छोट्या गुंतवणूकदारांसाठी राखलेले शेअर काही मंडळींनी लाटले. एकाच पत्त्यावर ढीगभर खाती. एप्रिल २००६ मध्ये सेबीने जो आदेश काढला त्यात डिपॉझिटरींवरही ठपका होता, की तुमच्या यंत्रणेत हे दिसायला हवं होतं. एनएसडीएलचे प्रमुख तेव्हा भावेच. आणि दोन वर्षांनी तेच सेबीचे अध्यक्ष झाले. म्हणजे ज्या संस्थेची चौकशी चालू आहे तिचा आधीचा प्रमुख चौकशी करणाऱ्या संस्थेच्या शिखरावर.

त्यांना एनएसडीएलच्या प्रकरणापासून दूर ठेवण्यात आलं, त्यासाठी दोन सदस्यांची स्वतंत्र समिती नेमली. इथवर ठीक. पण त्या समितीने दिलेले आदेश सेबीच्या मंडळाने ग्राह्य धरले नाहीत आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भाव्यांनी स्वतः त्यात काही ढवळाढवळ केली असं मी म्हणत नाही. माझा आक्षेप नेमणूक करणाऱ्यांवर आहे. माणूस कितीही स्वच्छ असो, चौकशी निकाली निघेपर्यंत थांबता आलं असतं. त्या गोंधळात संस्थेचं नाव विनाकारण खराब झालं.

---

तळमजला_९३

आक्षेप रास्त आहे. फक्त एक भर घालतो. ती खाती उघडली बँकांनी आणि दलालांनी, ओळखपत्रं न तपासता. मी वर ज्या खिडकीचं कौतुक केलं, तिचीच ही दुसरी बाजू. खिडकीवरचा माणूस ढिला असला की मागची तिजोरी कितीही पक्की असून उपयोग नाही. त्या प्रकरणानंतर डीमॅटला पॅन सक्तीचं झालं.

आणि पब्लिक इश्यूचा विषय निघालाच आहे तर अस्बा विसरू नका. २००८ मध्ये भाव्यांच्या पहिल्याच वर्षी आलं. त्याआधी अर्जासोबत चेक जायचा, पैसे खात्यातून जायचे आणि शेअर नाही मिळाले तर परतावा पोस्टाने यायचा. कधी यायचा, कधी यायचाच नाही. भरमसाट मागणीच्या इश्यूत लोकांचे हजारो कोटी आठवडेच्या आठवडे दुसऱ्याच्या खात्यात पडून राहायचे. अस्बात पैसे तुमच्याच खात्यात राहतात, फक्त गोठवले जातात, शेअर मिळाले तरच निघतात. हीच पद्धत जानेवारी २०१६ पासून सगळ्यांना सक्तीची झाली. आज यूपीआयवर एका मेसेजला मंजुरी देऊन अर्ज होतो, त्याच्या मुळाशी हेच आहे.

---

नवखी_गुंतवणूकदार

मी या सगळ्यानंतरची. बाजारात आले तेव्हा डीमॅट हवेसारखं होतं, असतंच असं वाटायचं. एक विचारते. सहारा प्रकरणही याच काळातलं ना? त्यात सेबीने नक्की काय पकडलं?

---

कायद्याचं_बोला

हो, सुरुवात याच काळातली. आणि इथे मी मनापासून दाद देतो.

सहारा समूहातल्या एका कंपनीने २००९ च्या सप्टेंबरअखेर पब्लिक इश्यूसाठी सेबीकडे मसुदा दाखल केला. असा मसुदा शेकडो पानांचा असतो. तो वाचताना लक्षात आलं की समूहातल्या दुसऱ्या दोन कंपन्या रोख्यांसारखं काहीतरी विकून लोकांकडून पैसे गोळा करताहेत आणि त्याला 'खासगी' विक्री म्हणताहेत. कायदा सांगत होता की पन्नास किंवा अधिक लोकांना देऊ केलं की ती जनतेला केलेली विक्री, तिला सेबीचे नियम लागू. इथे गुंतवणूकदार कोट्यवधींच्या घरात असल्याचं कंपन्यांचंच सांगणं होतं. २४ नोव्हेंबर २०१० ला अंतरिम आदेश, जून २०११ मध्ये अंतिम. दोन्ही पूर्णवेळ सदस्य के. एम. अब्राहम यांचे. अंतिम आदेश आला तोवर भावे पायउतार झाले होते. ३१ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला, चोवीस हजार कोटींच्या आसपासची रक्कम १५ टक्के व्याजाने परत करा म्हणून. त्यानंतर सहाराने कागदपत्रं पाठवली ती १२७ ट्रक भरून, एकतीस हजारांहून जास्त खोकी.

नियामकाची ताकद छाप्यांत असते असं आपल्याला वाटतं. इथे ती कुणीतरी टेबलाशी बसून कंटाळवाणा मसुदा शेवटच्या पानापर्यंत वाचण्यात होती. आणि वाचून जे दिसलं ते वर सांगायला कचरायचं नाही, असं वातावरण ऑफिसात असण्यात. ते वातावरण अध्यक्ष तयार करतो.

---

एसआयपी_सल्लागार

हे मान्य. आणि एक माझ्याकडून. जानेवारी २००९ मध्ये हिशेबातल्या घोटाळ्याने सत्यम ही आयटी कंपनी कोसळली तेव्हा दोनच आठवड्यांत सेबीने प्रवर्तकांना गहाण ठेवलेले शेअर जाहीर करायला लावले. तोवर मालकाने आपला हिस्सा सावकाराकडे ठेवलाय की नाही हे बाहेरच्याला समजायचा मार्गच नव्हता. आज मी ग्राहकाला एखादी कंपनी दाखवताना तो आकडा पहिला बघतो. एंट्री लोडचा राग आहेच, पण हे श्रेयही द्यायला हवं.

---

तळमजला_९३

धागालेखक, तुमच्या लखोट्याचं काय केलंत? तो कुठे टाकू नका. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचं हस्तांतर बंद आहे, पण सेबीने ७ जुलै २०२५ पासून सहा महिन्यांची खास मुदत दिली होती. जी डीड १ एप्रिल २०१९ च्या आधी दाखल झाली होती आणि त्रुटी काढून परत पाठवली गेली किंवा तशीच पडून राहिली, ती पुन्हा दाखल करता येत होती. ६ जानेवारी २०२६ पर्यंत. तुमची केस तंतोतंत हीच आहे. कंपनीचा रजिस्ट्रार, म्हणजे शेअरधारकांची वही सांभाळणारी संस्था, आता कोण आहे ते शोधा, आता अशी मुदत आहे का आणि सहीची त्रुटी कशी दूर करायची ते तो सांगेल. आणि कंपनीचं ते परत पाठवल्याचं पत्र सोन्यासारखं जपा. डीड आधी दाखल झालं होतं याचा तोच पुरावा. शेअर मिळाले तर ते डीमॅटमध्येच मिळतील, म्हणून वडिलांच्या नावाचं खातं लागेल. लाभांश सात वर्षं कुणी घेतला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे गेलेले असू शकतात, तेही विचारून घ्या.

---

जुना_फोलिओ

मनापासून आभार. मला हे अजिबात ठाऊक नव्हतं. काल रजिस्ट्रारचा पत्ता मिळाला, कंपनीचं नाव मधल्या काळात बदललंय पण ती चालू आहे. टाचणी हळूच काढली, पत्र फाटलं नाही. पत्र आणि डीड दोन्ही प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलीत.

वडील आता ८४ वर्षांचे आहेत. डीमॅटचा फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी आधी ते १९९४ चं डीड मागून घेतलं, घेणाऱ्याच्या रकान्यातली स्वतःची सही बराच वेळ पाहिली, पेन उघडलं आणि मला विचारलं, "कशी करू? तेव्हासारखी की आत्तासारखी?"